विकताना टॉर्च, देताना ट्यूबलाइट

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. मी घेतली. पहिल्या दिवशी तिच्या दारात माझा चेहरा आरशासारखा दिसला, तेव्हा त्या चौघांची मला कीव आली. दोन वर्षांनी त्याच दारावर ऊन पडलं की कोळ्याचं जाळं दिसायला लागलं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघा. बोट फिरवलं तर हाताला काही लागायचं नाही, डोळ्यांना मात्र खुपत राहायचं.

हे जाळं माझंच विणलेलं होतं, हे आधी कबूल करते. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग तेच फडकं जोर लावून फिरवायचं. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, म्हणजे बारीक वाळूच. मोह्झच्या कठिणतेच्या मापावर क्वार्ट्झ ७ वर बसतो, आणि गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, त्याच्यापुढे अगदीच मऊ. मी गाडी पुसत नव्हते, रोज हलक्या हाताने पॉलिश पेपर मारत होते. त्या रेघा खरं तर गोलही नसतात. आडव्या, उभ्या, तिरक्या, सगळ्या दिशांना असतात. त्यातल्या ज्या उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोवती कडी दिसतात. घासून घासून वापरलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरा, हाच खेळ दिसेल. पांढऱ्या गाडीवरही एवढेच चरे असतात, पण पांढरा रंग आपणच सगळा उजेड उधळतो, त्यात चऱ्यांची चमक हरवते. काळा रंग उजेड गिळतो, मग चऱ्यांवरून आलेला तेवढाच उजेड उठून दिसतो.

तर अशी गाडी घेऊन मी एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडीचा रंग साफ करून चकाकवून देणाऱ्याकडे, गेले. माणूस गोड बोलणारा. गाडी आत घेतली, हॉलचे दिवे मालवले आणि हातातला टॉर्च बॉनेटवर मारला. "बघा मॅडम, रंग मरत चाललाय."

रंग मरत नव्हता, पण रेघा खऱ्या होत्या, आणि त्या टॉर्चखाली माझ्या गाडीची अवस्था बघून मला लाज वाटली. फसवणुकीची सुरुवात खोट्याने होते असं आपल्याला वाटतं. माझी खऱ्याने झाली. त्याने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली, एका बाजूला कसलंसं पांढरं क्रीम टाकून मशीन दोन मिनिटं फिरवलं, पट्टी काढली. एकीकडे जाळं, दुसरीकडे काळीशार काच. मी बघतच राहिले. मग त्याने पाढा म्हणावा तसं सुरू केलं : सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पातळ, पारदर्शक संरक्षक लेप), तीन थर, बाकीचे ९एच देतात आम्ही १०एच देतो, पाच वर्षांची वॉरंटी, किल्लीने ओरखडा काढायचा म्हटलात तरी निघणार नाही.

सकाळी दहाला गाडी दिली आणि संध्याकाळी सहाला मिळाली. मी उलट खूश झाले, एका दिवसात काम झालं म्हणून! तिथेच मला शंका यायला हवी होती. नीट काम करायचं तर आधी धुणं, मग रंगात रुतलेले लोखंडाचे कण सोडवणारं द्रावण (ते लागलं की जांभळे ओघळ येतात), मग क्लेबार (मातीसारखी मऊ वडी) फिरवून उरलेला चिकटा काढणं, मग मशीनने एकदा जाड आणि एकदा बारीक पॉलिश, मग स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही, आणि मग कोटिंग, एकेक पॅनल घेत. काळ्या गाडीचं हे सगळं, वर तीन थर, आठ तासांत? त्यात जेवणाची सुट्टीही आली.

गाडी देताना हॉलचे सगळे दिवे लावलेले होते. छतभर पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइट, चहूबाजूंनी पसरलेला मऊ उजेड. टॉर्च कुठे दिसला नाही. मला तेव्हा त्याची आठवणही झाली नाही. असा पसरट उजेड बारीक चऱ्यांना लपवतो. चरा दिसायला एका बिंदूतून येणारा उजेड लागतो, सूर्य नाहीतर टॉर्च. पोराने बॉनेटवर पाणी शिंपडलं, टपोरे मणी झाले आणि घरंगळले. "बघा मॅडम, कोटिंग!" मी मोबाइलवर व्हिडिओ काढला. आज तो व्हिडिओ बघते तेव्हा स्वतःचंच हसू येतं. पाण्याचे मणी साध्या मेणानेही होतात. आणि खरं कोटिंग असेल तर ते पहिला दिवसभर तरी कोरडं ठेवायचं असतं, साबण लावून धुवायला आठवडाभर थांबायचं असतं. तासाभरापूर्वी लावलेल्या कोटिंगवर ते स्वतःच पाणी ओतत होते. एवढा मोठा पुरावा त्यांनी माझ्याच मोबाइलमध्ये भरून दिला.

चौथ्या धुण्याला जाळं परत आलं. पहिल्या धुण्याला नाही, दुसऱ्याला जराशी शंका, तिसऱ्याला मी चष्मा पुसला, चौथ्याला गाडी. शिवाय एक नवीनच पाहुणा आला होता. रात्री दिव्याखाली गाडीच्या कडेने चालत गेलं की दारावर धुरकट पट्टे माझ्याबरोबर सरकायचे, पाण्यावरच्या तवंगासारखे. याला होलोग्राम म्हणतात हे नंतर कळलं. गोल फिरणारं जड मशीन जाड पॅडने घाईत फिरवलं आणि शेवटचा बारीक हात मारलाच नाही की हे पट्टे राहतात. म्हणजे माझे जुने चरे तसेच होते आणि त्यावर त्यांचे नवे, तेही पैसे देऊन करून घेतलेले.

फोन केला. पहिलं उत्तर, "कोटिंग अजून बसतंय मॅडम, महिना द्या." महिन्याने, "कुठल्या शॅम्पूने धुतलीत?" शॅम्पूचं नाव सांगितलं तर, "घरी धुतलीत? मग वॉरंटी गेली, कार्डावर मागे लिहिलंय." कार्ड काढून बघितलं, खरंच लिहिलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. पुढच्या बाजूला कोटिंगच्या बाटलीचा अनुक्रमांक लिहायची जागा होती. ती कोरी.

माझा मावसभाऊ गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये वीस वर्षं आहे. त्याला आधीच विचारलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता, पण दादाला विचारलं की तो आधी "काळी कशाला घेतलीस?" पासून सुरू करतो. शेवटी गेलेच. त्याने गाडी उन्हात उभी करायला लावली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून बाटलीत भरलेलं होतं, ते मायक्रोफायबरच्या फडक्यावर मारलं आणि मागच्या दारावर वीतभर जागा हलकेच पुसली. चकाकी फडक्यात आली. वीतभर चौकोनात रेघा अशा उघड्या पडल्या की जणू कोणी आत्ताच काढल्या.

"हे भरलेलं होतं," दादा म्हणाला. "तेल आणि भराव असलेलं ग्लेझ. चरा काढायचा नाही, बुजवायचा. कोटिंग असतं तर एवढ्याशा स्पिरिटने हललं नसतं."

म्हणजे बॉनेटवरची ती चिकटपट्टीची जादूही तीच. त्यांनी मला जे दाखवलं ते क्रीमचं होतं. तेव्हाच मी "यावर जरा स्पिरिट फिरवा" म्हटलं असतं तर दोन मिनिटांत खेळ संपला असता.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पैसे गेले म्हणून गप्प बसले असते. पण दादाने रंगाची जाडी मोजायचं गेज काढलं. टपावर ११८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दारांवर त्याच्या आसपास. बॉनेटवर ९६, आणि बॉनेटच्या मधून जी घडीची उभी रेघ जाते तिच्यावर एके ठिकाणी ७४. कारखान्यातून येतानाच पॅनलपॅनलमध्ये थोडा फरक असतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून कोणाला धरू नकोस, असं त्यानेच बजावलं. पण त्या ७४ च्या जागी वाकून बघितलं तर नखाएवढा डाग होता, चमक नसलेला, ओल्या पाटीवर खडू पुसल्यासारखा. तिथला क्लिअर कोट मशीनने पार खाल्ला होता.

गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, असं सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतं. त्यात क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर ४०-५०. माणसाचा केस ७० च्या आसपास जाड असतो, म्हणजे चकाकीचं सगळं वैभव ज्यावर, तो क्लिअर कोट एका केसापेक्षाही पातळ. मशीन पॉलिशने चरा जातो म्हणजे त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. काही मायक्रॉन जातात, परत येत नाहीत. जाणता माणूस म्हणून हात राखून करतो, गेजने आधी मोजतो, कडांना पट्टी लावतो, कारण कडेवर थर मुळातच पातळ असतो आणि मशीनचा दाब आणि उष्णता तिथेच एकवटते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवायचं कामही याच थराचं. माझ्या गाडीला कोटिंग लावलं नाही ते लावलं नाही, होता तो थरही त्यांनी खरवडून नेला. यालाच मी फसवणूक म्हणते. पैसे परत मिळाले असते तरी तो नखाएवढा थर परत येणार नव्हता.

१०एच चं काय, तेही दादाने हसत सांगितलं. हा एच पेन्सिलीचा एच. एचबी, २बी असतं ना पेन्सिलीवर, तोच. ठरावीक कोनात पेन्सिल दाबून थरावर ढकलायची आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघायचं. या चाचणीच्या नेहमीच्या संचात सगळ्यात कडक पेन्सिल ९एच. लोक मात्र हा आकडा मोह्झच्या मापावरचा समजतात, जिथे १० म्हणजे हिरा. पेन्सिलीने चरा पडला नाही म्हणून वाळूने पडणार नाही, असं थोडंच आहे! खरं कोटिंगही जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं असतं. त्याने घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, चकाकी टिकते. किल्ली अडवत नाही. ओरखडा खरोखर अडवायचा तर पॉलियुरेथेनची पीपीएफ फिल्म, म्हणजे रंगावर चिकटवायचा पारदर्शक पापुद्रा, ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते आणि तिच्यावरचे बारीक चरे उन्हाने, गरम पाण्याने भरूनही येतात. ती महाग असते आणि ती लावण्यातही वेगळ्या गमती आहेत, पण तो माझा अनुभव नाही.

मी परत गेले, बरोबर तीच स्पिरिटची बाटली घेऊन. म्हटलं, तुमच्यासमोर एक हात पुसते. तो दचकलाच. "मॅडम, केमिकल लावलंत की वॉरंटी संपली." म्हणजे घरी धुतल्यावर गेलेली वॉरंटी बाटली बघून पुन्हा जिवंत झाली होती. बरीच बाचाबाची झाली, मग आवाज उतरवून म्हणाला, "चला, तुमच्यासाठी फुकटात परत करून देतो, एक बफिंग आणि टॉप-अप." तुम्हाला कोणी हे फुकटचं देऊ केलं तर तिथून गाडी काढा. फुकट म्हणजे पुन्हा तेच मशीन, तेच क्रीम, आणि उरलेल्या क्लिअर कोटमधले आणखी काही मायक्रॉन. मी किल्ली हातातून सोडली नाही.

आता कोणाकडेही गाडी द्यायची असेल तर मी काय बघते? आधी आणि नंतर गेजचे आकडे माझ्यासमोर लिहून देतो का. (प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं गेज चालत नाही, तिथले आकडे कोणी सांगितले तर तो नुसता आकडे सांगतोय.) पॉलिश झाल्यावर, कोटिंगच्या आधी, गाडी मला उन्हात बघू देतो का. बाटली सीलबंद माझ्यापुढे फोडतो का. गाडी रात्रभर ठेवून घेतो का. "सगळे चरे जातील" म्हणणाऱ्यापेक्षा "हा नखाला लागतोय, हा जाणार नाही" म्हणणारा मला बरा वाटतो. नख अडकतं तो चरा काढायला गेलं तर क्लिअर कोट उरत नाही.

आणि रोजची झटकाझटक बंद. धूळ बसली तर बसू दे. धुताना आधी नुसत्या पाण्याच्या माऱ्याने माती जाऊ देते, फेस मारून पाच मिनिटं थांबते, उन्हात नाही. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. वरून खाली, चाकांचं फडकं वेगळं. खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं गाडीला वर्ज्य. पुसायला जाड मायक्रोफायबर, दाबायचं नाही, नुसतं ठेवून पाणी टिपायचं. फिरत्या ब्रशवाल्या धुलाईत काळी गाडी घालायची नाही. त्या ब्रशमध्ये आधीच्या दहा गाड्यांची माती असते. धुळीवर कव्हर घालायचं नाही. वारा सुटला की कव्हर रात्रभर घासत बसतं. जुने चरे अजून आहेत. दादा म्हणतो, राहू दे, पुढे कधीतरी एकदाच बारीक हात मारू, बॉनेट सोडून.

मागच्या महिन्यात त्या दुकानावरून जाणं झालं. काचेच्या दारात मोठा फलक लावलाय, आधी आणि नंतर. गाडी माझीच आहे, नंबरावर पट्टी मारली असली तरी दाराच्या मुठीजवळचा पोचा मी ओळखते. डावीकडच्या फोटोत बॉनेटवर टॉर्चचा ठिपका आणि त्याभोवती जाळं. उजवीकडच्या फोटोत बॉनेट काळंभोर, आणि त्यात ओळीने सहा ट्यूबलाइट.