पन्नाशीत गुडघा बदलावा की थांबावं?

आता ऑपरेशन केलं तर उमेदीची वर्षं लंगडत जात नाहीत. जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही, कूस बदलताना कळ येऊन जाग येत नाही. पण तरुणपणी चालणं जास्त, म्हणून कृत्रिम गुडघ्यातल्या प्लॅस्टिकची झीजही जास्त. ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात, पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागेल असा अंदाज निघाला. सत्तरीनंतर तोच ५ टक्क्यांच्या आसपास. आणि दुसरं ऑपरेशन जास्त अवघड, कारण हाड कमी उरलेलं असतं.

थांबलात तर हा धोका घटतो. वजन उतरवणं, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, मूळ गुडघ्याची झीज एकाच बाजूला असेल तर पायाचा बाक सरळ करणारी शस्त्रक्रिया, यावर बऱ्याच जणांची काही वर्षं निघतात. मात्र गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला तर थांबणं महागात पडतं; गेलेली हालचाल ऑपरेशननंतर पूर्ण परत येईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर, व्यायाम मनापासून करूनही झोप आणि काम बिघडत असेल, तर निव्वळ वयाकडे बघून अडून राहू नका. नुसत्या एक्स-रेवरून मात्र घाई नको.