फॉरेन की लावल्याचं बिल घेतलं, जुना डेटा तपासलाच नाही

कळमना बाजारात आमची संत्र्याची अडत आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधला हिशेब पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणायचं काम नागपुरातल्याच एका फर्मला दिलं होतं. करारात अट स्पष्ट होती: प्रत्येक पट्टी (मालाच्या विक्रीची हिशेब-पावती) शेतकऱ्याच्या खात्याशी फॉरेन कीने, म्हणजे खात्यांच्या टेबलात नसलेला क्रमांक घेऊच न देणाऱ्या नियमाने, बांधलेली हवी.

काम सोपवताना त्यांच्या माणसाने मुद्दाम खोटा खाते क्रमांक टाकून पट्टी करून पाहिली. एरर आली. "पाहा भाऊ, आता चुकीचं काही जाऊच नाही शकत." शेवटचा हप्ता त्याच दिवशी दिला.

आंबिया बहारात काटोलचे एक काका मागच्या हंगामाचा हिशेब मागायला आले. पट्टी होती, वजन होतं, रक्कम होती. पण तिच्यावरचा क्रमांक खात्यांच्या टेबलात नव्हताच. शोधलं तर अशा पट्ट्या ढिगाने निघाल्या.

फॉरेन की 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावली होती. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 9.1 पासून आहे आणि मुळात चांगली आहे: मोठ्या टेबलवर की पटकन लावायची, मग सवडीने जुन्या ओळी तपासणारी 'व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट' ही आज्ञा चालवायची. तोवर फक्त नव्या आणि बदललेल्या ओळी तपासल्या जातात, आधीच्या नाहीत. आम्हाला दाखवली ती नवी ओळ. व्हॅलिडेट चालवलं असतं तर तिथेच एरर आली असती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण स्क्रिप्टमध्ये ती आज्ञा लिहून नंतर कॉमेंट केलेली, म्हणजे चालू नये म्हणून बंद केलेली सापडली.

"तुमचा जुना डेटाच खराब होता," म्हणाले. असेल. मग ते बिल लावण्याआधी सांगायचं होतं! आता फोनही उचलत नाहीत, आणि आम्ही पावतीबुकं काढून एकेक पट्टी जुळवतोय.

पैसे देण्याआधी पोस्टग्रेसच्या पीजी_कन्स्ट्रेंट या नियमांच्या टेबलातला कॉनव्हॅलिडेटेड हा रकाना बघाच; फॉल्स असेल तर जुन्या ओळींची हमी नाही. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'विथ नोचेक'ने हेच होतं, तिथे सिस.फॉरेन_कीज या यादीत इज_नॉट_ट्रस्टेड 1 दिसतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जास्त जपा. फॉरेन_की_चेक्स (ही तपासणी चालू-बंद करणारं सेटिंग) 0 करून डेटा भरला आणि परत 1 केलं, तरी मधे शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. तिथे लेफ्ट जॉइन (दोन टेबलं जुळवून पाहणारी क्वेरी) लावून, क्रमांक आहे पण खातं नाही अशा ओळी स्वतःच शोधाव्या लागतात. ही तपासणी आपल्या खऱ्या डेटावर, आपल्यासमोर करून घ्या आणि शेवटचा हप्ता तिच्यानंतरच देण्याची अट करारात घाला.