वेताळ टेकडीच्या पायवाटा : नेहमीच्या फिरणाऱ्याचा अभिप्राय

पुण्यातील वेताळ टेकडीवर जाण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही, म्हणून तेथे मिळणाऱ्या सोयींची पारख करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मी गेली काही वर्षे आठवड्यातून तीन-चार वेळा लॉ कॉलेजच्या बाजूने, कांचन गल्लीतून चढून माथ्यावरील वेताळाच्या देवळापर्यंत जातो. हा अभिप्राय प्रामुख्याने त्या पायवाटांविषयी आहे.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. चढ सुरुवातीला अंगावर येतो. पुढे पठार लागल्यावर चाल सैल होते आणि गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनाही तेथे सुखाने फिरता येते. ज्यांना चढायचेच नाही त्यांच्यासाठी पौड रस्त्याच्या बाजूने एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेपर्यंत डांबरी रस्ता आहे, मात्र त्या बाजूला रविवारी सकाळी वाहनांची इतकी दाटी होते की टेकडीवर आल्यासारखे वाटत नाही.

पायवाटेची मूळ आखणी उत्तम आहे, कारण ती कोणी कागदावर आखलेली नसून पायांनी पडलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी उताराला तिरकी जाते. बिघाड सुरू होतो तो आडवाटांमुळे. वळण टाळण्यासाठी काही जण सरळ उतारावरून खाली उतरतात, गवताची मुळे उखडली जातात, मुरूम मोकळा होतो, आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत त्या जागी घळ पडते. पुढच्या वर्षी त्या घळीतून चालणे अवघड झाल्यामुळे लोक तिच्या कडेने चालू लागतात व एका वाटेच्या तीन वाटा होतात. यावर उपाय खर्चिक नाही. आडवाटेच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकणे, वाटेवर ठरावीक अंतराने दगडांची तिरकी ओळ बसवून पाणी बाजूच्या गवतात सोडणे आणि उतारावरील समतल चर (पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) पावसापूर्वी गाळ काढून मोकळे करणे, एवढे केले तरी पुरते. जेथे हौशी मंडळींनी स्वतः दगड लावले आहेत तेथील वाट पावसाळ्यानंतरही शाबूत राहिलेली मी पाहिली आहे. याउलट फरशी किंवा सिमेंटचा पट्टा टाकण्यास माझा ठाम विरोध आहे, कारण त्यावरून पाणी वेगाने धावते, कडेची माती पोखरते आणि काही वर्षांत फरशीच अधांतरी राहते.

झाडांविषयी माझे मत संमिश्र आहे. टेकडीचा बराच भाग गिरिपुष्पाने व्यापला आहे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड कमी पाण्यात तग धरते व फांदी खोचली तरी रुजते, म्हणून ते भरपूर लावले गेले. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची गुलाबी फुले डोळ्यांना सुखावतात, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या दाटीत साळई, मोई, पळस यांसारख्या मूळच्या झाडांना वाव उरत नाही. दुसरा धोका वणव्याचा आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर एक जळती काडी पडली की जोपासलेली कोवळी रोपे जातात, आणि गिरिपुष्प मात्र बुंध्यातून पुन्हा फुटते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढण्याचे काम वेळेवर होणे म्हणूनच वाटांच्या दुरुस्तीइतके महत्त्वाचे आहे. दारूच्या बाटल्यांच्या काचांविषयी अधिक लिहीत नाही. कठीण तळाचे बूट घालावेत.

या टेकडीची एक सेवा डोळ्यांना दिसत नाही. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरते आणि पायथ्याच्या परिसरातील विहिरींना व विंधनविहिरींना मिळते. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा नियोजित रस्ता आणि टेकडीखालील बोगदे यांना नागरिकांनी विरोध केला, तेव्हा झाडांबरोबरच या मुरणाऱ्या पाण्याचाही मुद्दा पुढे आला होता. एप्रिल 2023 मध्ये त्यासाठी निघालेल्या मोर्चात एरवी एकमेकांना केवळ मान हलवून ओळख देणारे सकाळचे फिरणारे मोठ्या संख्येने उतरले. वाहतुकीची अडचण खरी आहे आणि मीही त्या कोंडीत रोज अडकतो, परंतु रस्त्यासाठी डोंगर फोडल्यावर तो पूर्ववत करता येत नाही, आणि दगडखाणीची जुनी जखम माथ्याजवळच उघडी पडलेली आहे.

सोयींच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नये. पिण्याचे पाणी घरून न्यावे, अंधार पडण्यापूर्वी उतरावे, आणि कुत्रे नेल्यास दोरीने बांधूनच न्यावे, कारण मोर जमिनीवर घरटे करतात. पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण घळींसाठी आहे. प्रथम जाणाऱ्यांनी जूनमध्ये, पहिले दोन पाऊस होऊन गेल्यावर, पहाटे जावे. त्या दिवसांत पठाराच्या कडेच्या झाडीतून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते, आणि पाणी वाट कोठे पोखरते आहे तेही त्याच वेळी नेमके दिसते.