नेहमीची गोळी की जेनेरिक? नैराश्य, बायपोलर आणि एडीएचडीच्या औषधांचा तुलनात्मक आढावा

ज्या घरात कोणीतरी वर्षानुवर्षे मनाच्या आजाराची गोळी घेत असते, त्या घरात औषधाचे बिल किराण्यासारखे दर महिन्याला ठरलेले असते. माझ्या आईची नैराश्याची गोळी जनऔषधी केंद्रातून, म्हणजे जेनेरिक औषधे विकणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानातून, आणावी की नेहमीच्या मेडिकलमधूनच, हे ठरवताना मी पुष्कळ वाचले आणि डॉक्टरांना पुष्कळ विचारले. सर्व औषधांना एकच उत्तर लागू होत नाही, असे माझे मत झाले. औषध कोणते आहे आणि पोटात गेल्यावर ते गोळीतून कसे सुटते, यावर बरेचसे ठरते.

आधी तुलना कशाची आहे, ते पाहू. जेनेरिक म्हणजे मूळ कंपनीच्या औषधाचाच घटक वापरून दुसऱ्या कंपनीने बनवलेली गोळी. अमेरिकेत ब्रँड म्हणजे बहुधा मूळ संशोधक कंपनीची गोळी असते. आपल्याकडे तसे नाही. आईच्या स्ट्रिपवर ‘नेक्सिटो’ हे नाव ठळक आहे, आणि सोबत एस्सिटालोप्राम हे घटकाचे नाव आहे. एस्सिटालोप्राम विकसित केले ते डेन्मार्कच्या लुंडबेक कंपनीने. नेक्सिटो सन फार्माची आहे. म्हणजे आपण जिला ब्रँडची गोळी म्हणतो, तीही एका अर्थी जेनेरिकच असते, फक्त तिला कंपनीने स्वतःचे नाव दिलेले असते.

किमतीच्या बाबतीत जनऔषधीची बाजू निर्विवाद वरचढ आहे. तेथील औषधे बाजारातील ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे सरकार सांगते, आणि दहा-पंधरा वर्षे चालणाऱ्या उपचारात हा फरक मोठा आहे. पैशाअभावी गोळी मध्येच बंद करणारे रुग्ण असतात. त्यांच्यासाठी स्वस्त गोळी ही उपचार टिकण्याची अटच ठरते. गुणवत्तेसाठी या योजनेतील प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. मात्र खरेदी निविदेने होत असल्यामुळे या वेळी एका कारखान्याची आणि पुढच्या वेळी दुसऱ्याच कारखान्याची गोळी हाती येऊ शकते. नावाच्या ब्रँडमध्ये सातत्याची शक्यता अधिक असते, आणि माझ्या दृष्टीने ब्रँडचा हाच खरा फायदा आहे.

‘जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असते’ हा समज मात्र चुकीचा आहे. जेनेरिकला मान्यता देताना लावली जाणारी ८० ते १२५ टक्के ही मर्यादा गोळीतील घटकाच्या वजनाची नसून, रक्तात पोहोचणाऱ्या औषधाची मूळ गोळीशी तुलना करताना वापरायची सांख्यिकी मर्यादा आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील औषध नियामक संस्थेने, २,०७० अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा रक्तात शोषल्या गेलेल्या औषधातील सरासरी फरक सुमारे ३.५ टक्के निघाला. भारतात कमी विरघळणाऱ्या औषधांच्या गटांसाठी अशी जैवसमतुल्यतेची (दोन गोळ्यांचे औषध रक्तात सारखेच पोहोचते का, याची) चाचणी २०१७ मध्ये बंधनकारक झाली. त्यापूर्वी परवाना मिळालेल्या अनेक गोळ्या या चाचणीविना बाजारात आल्या, आणि त्यांत ब्रँडच्या गोळ्याही आहेत.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारख्या साध्या गोळ्यांच्या बाबतीत बदल करायला मी कचरणार नाही. ही औषधे रक्तात हळूहळू साठून पातळी स्थिर राखतात आणि थोडाफार चढउतार शरीर सामावून घेते.

लाँग ॲक्टिंग, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळ्यांचे तसे नाही, आणि येथे थांबून विचार करावा. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार) मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलाची गोळी सकाळी शाळेच्या आधी चढली पाहिजे आणि दुपारच्या गृहपाठापर्यंत टिकली पाहिजे. मिथाइलफेनिडेटच्याच काॅन्सर्टा या गोळीत २२ टक्के औषध बाहेरच्या थरात असते, आणि उरलेले ७८ टक्के आत पाणी शिरून वाढणाऱ्या दाबाने बारीक छिद्रातून दिवसभर ढकलले जाते. तिच्या दोन जेनेरिक पर्यायांचा परिणाम दुपारनंतर कमी पडत असावा, अशी शंका आल्यावर एफडीएने २०१४ मध्ये त्यांचा समतुल्यतेचा दर्जा काढून घेतला. बुप्रोपियॉन या नैराश्याच्या औषधाच्या ३०० मिलिग्रॅमच्या एका जेनेरिक गोळीला तर १५० मिलिग्रॅमच्या चाचणीवरूनच मान्यता मिळाली होती. रुग्ण वर्षानुवर्षे तक्रार करत राहिले, आणि अखेर २०१२ मध्ये एफडीएच्या स्वतःच्या चाचणीत ती नापास होऊन बाजारातून गेली. त्या रुग्णांचे म्हणणे खरे होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तेव्हा स्ट्रिपवर एसआर, ईआर, एक्सआर किंवा एक्सएल ही हळूहळू सुटणाऱ्या औषधाची खूण असलेली अक्षरे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये.

बायपोलरसाठीच्या (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याच्या आजारासाठीच्या) लिथियमची कहाणी आणखी नाजूक आहे. नेहमीच्या उपचारात रक्तातील पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, आणि १.५ च्या वर विषबाधेचा धोका सुरू होतो. येथे कंपनी बदलायचीच असेल, तर बदलानंतर पाच ते सात दिवसांनी, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त तपासावे. हात जास्त थरथरणे, जुलाब, तोल जाणे ही लक्षणे दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. बचत आणि तपासणीचा खर्च यांचा हिशेब मांडल्यावर, ज्याची पातळी स्थिर आहे त्याने ब्रँड बदलू नये, असेच मी म्हणेन.

मनाच्या अपेक्षेचाही वाटा असतो. न्यूझीलंडमध्ये २०१७ मध्ये व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्या औषधाचा सरकारी अनुदान असलेला ब्रँड बदलला, आणि त्याविषयीच्या बातम्या प्रसिद्ध झाल्यावर दुष्परिणामांच्या नोंदी वाढल्या. त्रास खोटा नसतो, पण त्याचे कारण दर वेळी गोळीत असतेच असे नाही. म्हणून परीक्षा, घरातील आजारपण किंवा डोस बदलण्याचे दिवस टाळून, स्थिर काळात बदल करावा आणि झोप, भूक, चिडचिड यांची रोज एक ओळ वहीत लिहावी. नैराश्याच्या गोळीबाबत निदान सहा आठवडे ही नोंद ठेवावी, कारण आजार परतायला वेळ लागतो.

मेडिकलमध्ये ‘दुसऱ्या कंपनीची चालेल का?’ असे सहज विचारले जाते. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्या आहेत. त्यांतील औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवरील गोळीऐवजी दुसरी देण्याची मुभा दुकानदाराला नियमाने नाही, म्हणून बदल डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावा. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये असल्याने त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते.

घरची खबरदारीही तितकीच गरजेची आहे. आईच्या स्टीलच्या डब्यात एकदा मला दोन अर्धवट स्ट्रिप सापडल्या, एक जुन्या नावाची आणि एक जनऔषधीची. नवी गोळी वेगळी, हे समजून ती तीन दिवस दोन्ही घेत होती. डॉक्टरांना त्याच दिवशी फोन केला, जुनी स्ट्रिप डब्यातून काढली, आणि आता नवी स्ट्रिप आली की मागच्या बाजूला मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिते : ‘हीच ती गोळी, रात्री एक’.