टेली-मानस १४४१६ : लातूरच्या मेसवाल्या काकूंचा अभिप्राय

लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. बीड, नांदेड, धाराशिवकडची नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी पोरं जेवायला असतात. ‘टेली-मानस’ या मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरबद्दल लिहितेय, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आई-बापांना तो ठाऊकच नसतो.

केंद्राच्या आरोग्य खात्याने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन लावता येतो, मराठीत बोलता येतं. आणि ज्याला त्रास होतोय त्यानेच लावला पाहिजे असंही नाही.

आधी मीच लावला. माझ्याकडचा एक रिपीटर, म्हणजे परीक्षा पुन्हा देणारा मुलगा मॉक टेस्टचा निकाल लागला की भरलं ताट ठेवून उठायचा. नंतर तर येईनासाच झाला, पाठवलेला डबाही तसाच परत. पलीकडच्या बाईंनी मार्कांचं काही विचारलं नाही. झोपतो किती, मित्रांत बसतो का, आधी कसा होता, एवढंच. मग म्हणाल्या, “जीव नकोसा वाटतो का, हे त्याला सरळ विचारा.” मी घाबरले. उगाच लेकराच्या डोक्यात नसलेलं भरवायचं का? पण विचारल्याने तो विचार शिरत नाही, असलाच तर बोलायला वाट मिळते, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ‘होईल सगळं नीट’ म्हणून विषय मिटवू नका, म्हणाल्या. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, लगेच फोन लावा.

मी विचारलं. पोरगं खूप वेळ रडलं. तसलं काही मनात नव्हतं. पण बापाने सोयाबीन विकून फी भरलेली, आणि पेपरात एक उत्तर चुकलं की मिळवलेल्यातलाही एक गुण जातो. रात्रभर तेच हिशोब. दुसऱ्या दिवशी तो स्वतः १४४१६ वर बोलला.

खरी अडचण जागेची. रूमवर तिघं राहतात, त्यांच्यासमोर कोण मन मोकळं करणार? मी धान्याची खोली रिकामी करून दिली. तुम्हीही आधी अशी जागा बघा, नाहीतर मूल ‘हो, नाही’ करून फोन ठेवून देतं.

सगळं फोनवर भागत नाही, हेही सांगते. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांशी जोडून देतात. आमच्या पोराला झोपेसाठी सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला सांगितलं. वडील गावाहून आले, सोबत गेले. आता तो पंगतीत बसून जेवतो. टेस्टच्या दिवशी अजून कमीच जेवतो, पण उठून जात नाही.

मेसच्या फळ्यावर भाजीच्या वर मी १४४१६ लिहून ठेवलाय. जिवाला लगेच धोका दिसला तर मात्र ११२ लावायचा, तोही खाली लिहिलाय.