स्टार ट्रॅकर घ्यावा की ट्रायपॉडवरच भागवावं?

कॅमेरा आहे, ५० एमएमची लेन्स आहे, रिमोटही आहे; पुढचे पैसे ट्रॅकरमध्ये, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्रात, घालावेत का, असं ताऱ्यांचे फोटो काढणारे सोलापुरातले नवे हौशी हल्ली विचारतात. मी दोन्ही वापरलंय.

फोटोच्या दर्जात ट्रॅकर सरस, यात वाद नाही. आकाश तासाला १५ अंश सरकतं. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरवर) ५० एमएमला चारेक सेकंदांपुढे गेलं की तारे लांबट होतात, १३५ एमएमला तर सेकंद-दीड सेकंदच हातात असतो. ट्रॅकरवर त्याच १३५ला मिनिटभराचं एक्स्पोजर मिळतं आणि देवयानी दीर्घिकेच्या फिकट कडाही उमटतात.

पण त्यासाठी ट्रॅकरचा आस आकाश ज्याभोवती फिरतं त्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो, म्हणजे आधी ध्रुवतारा सापडायला हवा. सोलापूरचा अक्षांश १७.७, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर. डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत त्याचा प्रकाश तिपटीहून जास्त हवेतून येतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची ती हवा म्हणजे निव्वळ धुरळा. पोलर स्कोपला (ट्रॅकरवरच्या छोट्या दुर्बिणीला) डोळा लावला की लाल वर्तुळात एक मिणमिणता ठिपका दिसतो, शेजारी तसलेच आणखी दोन. यातला आपला कोणता? खरा ध्रुवबिंदू त्याच्यापासूनही अर्ध्या अंशाहून थोडा जास्त लांब, त्यामुळे नुसता अंदाज १३५ला चालत नाही. गच्चीवर शेजारच्यांची पाण्याची टाकी आड येते. शेतात गेलात तर पाच-सहा मीटरवरचा उभा ऊससुद्धा त्याला झाकतो.

याहून मोठा पेच जागेचा. वृश्चिक-धनूकडचा आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला, म्हणून शहराच्या दक्षिणेला मंद्रूपच्या बाजूला जावं, तर उत्तरेला सोलापूरचा उजेड आणि ध्रुवतारा नेमका त्याच उजेडात. उत्तरेला नान्नजकडे गेलं तर ध्रुवतारा स्वच्छ, पण गाभा शहराच्या उजेडावर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

ट्रायपॉडला उत्तर-दक्षिण काही लागत नाही. जेवण उरकून गच्चीवर गेलं की पाच मिनिटांत पहिली फ्रेम पडते. चार सेकंदांच्या ३०० फ्रेम म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश. त्या सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये (दोन्ही फुकट आहेत) एकावर एक रचल्या की सिग्नलच्या मानाने नॉइज (फोटोतला खरखरीतपणा) साधारण १७ पट खाली येतो. मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी रंग शहरातल्या गच्चीवरूनही येतो, आणि तो पहिल्यांदा स्क्रीनवर पाहताना होणारा आनंद काही औरच. त्रास आहेच: दर दहा मिनिटांनी फ्रेम पुन्हा जुळवा, शटरची झीज सोसा, एका रात्रीत कार्ड भरलेलं पाहा. तरी पावसाळा आणि चांदण्या रात्री वगळता हाती उरतातच किती रात्री? त्यातला पाऊण तास ध्रुवतारा शोधण्यात घालवणं मला परवडत नाही.

तुमची गच्ची उत्तरेला मोकळी असेल, लेन्स १३५ किंवा त्यापुढची असेल, तर कदाचित तुमचं गणित वेगळं निघेल. मग ट्रॅकर जरूर घ्या. ५० एमएमवर काम करणाऱ्याने मात्र आधी दणकट ट्रायपॉड, मोठं कार्ड आणि एक जादा बॅटरी घ्यावी, आणि एक हिवाळा मृग, कृत्तिका, देवयानी काढून पाहावं.