विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये नऊ महिने: आम्हाला खरा उपयोग कशाचा झाला

इन्क्युबेशन सेंटर म्हणजे नव्या धंद्यांना जागा, सल्ला आणि मदत देणारं केंद्र. तिथे आम्हाला नऊ महिने झाले, म्हटलं आता नीट लिहावं. जॉइन व्हायच्या आधी मी पण असे अनुभव शोधत होतो, पण सगळीकडे "वातावरण छान आहे, मेंटर चांगले आहेत" एवढंच, त्यातून काही कळायचं नाही. आमचं प्रॉडक्ट म्हणजे छोट्या दवाखान्यांमधल्या लसीच्या फ्रीजसाठी टेम्परेचर लॉगर, म्हणजे तापमानाची सतत नोंद ठेवणारं यंत्र, तापमान २ ते ८ डिग्रीच्या बाहेर गेलं की मोबाईलवर अलार्म येतो. आम्ही दोघंच, हार्डवेअर मी बघतो, ॲप पार्टनर बघते.

जागा, वायफाय, मीटिंग रूम सगळं ठीक आहे, पण तेवढ्यासाठी विद्यापीठात जाऊ नका, ते कुठेही भाड्याने मिळतं. विद्यापीठाकडे जे असतं ते म्हणजे लॅब आणि त्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं तेच काम करून हात बसलेली माणसं.

आमचा मोठा प्रॉब्लेम होता खोट्या अलार्मचा. सिस्टरनी फ्रीजचं दार उघडलं की अलार्म, बंद केलं की पाच मिनिटांनी सगळं नॉर्मल, असं दिवसातून कितीतरी वेळा, शेवटी एका दवाखान्यात त्यांनी वैतागून नोटिफिकेशनच बंद करून टाकलं. म्हणजे खरा अलार्म आला असता तरी कोणाला कळलं नसतं. आम्ही दोन महिने कोडमध्ये डिले टाक, ॲव्हरेज काढ, हेच करत बसलो होतो. सेंटरच्या मॅनेजर मॅडमनी हे ऐकलं आणि सरळ इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये फोन लावला. तिथल्या लॅब असिस्टंट काकांनी बॉक्स हातात घेतला, प्रोबची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या टोकाची, वायर बोटाने ओढून बघितली आणि विचारलं, "प्रोब नुसता हवेत लटकतोय का? लस बाटलीत आहे ना, मग प्रोबपण बाटलीत घाला." छोट्या बाटलीत ग्लायकॉल नावाचं द्रव भरलं, झाकणाला भोक पाडून प्रोब आत सोडला, झालं. दार उघडलं की हवा लगेच तापते पण बाटलीतलं द्रव सावकाश तापतं, आणि लसही तशीच सावकाश तापते, म्हणजे आता आम्ही हवेचं नाही तर लसीच्या जवळचं तापमान मोजतोय. लसींच्या साठवणुकीत ही पद्धत आधीपासूनच वापरात आहे, आम्हालाच माहीत नव्हती.

त्याच दिवशी काकांनी सेन्सर ठरावीक तापमानाच्या चेंबरमध्ये ठेवून अचूक रेफरन्स थर्मामीटरशी जुळवून दाखवले. आम्ही वापरतो डीएस१८बी२० नावाचा सेन्सर, त्याच्या डेटाशीटमध्ये अधिक-उणे ०.५ डिग्री लिहिलंय, आणि आमचा एक पीस ०.४ ने जास्त दाखवत होता. आकडा किरकोळ वाटतो पण विचार करा, फ्रीजमध्ये खरे १.६ असताना आमचं यंत्र सांगणार २.०, सगळं ठीक. हेपॅटायटिस बी सारखी लस एकदा गोठली की वाया जाते आणि नुसतं बघून ते दर वेळी कळतही नाही. त्या दिवसापासून प्रत्येक पीस तपासल्याशिवाय आम्ही बाहेर देत नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे ग्राहकांशी बोलायची सक्ती. अमेरिकेत एनएसएफचा (नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेचा) आय-कॉर्प्स नावाचा प्रोग्रॅम २०११ पासून चालतो, त्यात टीमला सात आठवड्यांत १०० मुलाखती घ्यायला लावतात, सेंटरने त्याच धर्तीवर आमच्याकडून ३० करून घेतल्या. सुरुवातीला कंटाळा केला, पण पंधराव्या-सोळाव्या मुलाखतीपर्यंत कळलं की डॉक्टरांना ग्राफ नकोयत, त्यांना तपासणी आली की दाखवायला महिन्याचा एका पानाचा रिपोर्ट हवाय. ॲपचं अर्धं काम आम्ही तिथे थांबवलं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे करारपत्र. पहिल्या मसुद्यात असं होतं की विद्यापीठाची साधनं वापरून जे काही बनेल त्यावर हक्क विद्यापीठाचा. म्हणजे काकांनी सुचवलेल्या बाटलीवरून उद्या वाद होऊ शकला असता. बदलून घ्यायला दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत लॅब बंद. सही करायच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या, लॅब वापरली तर हक्क कोणाचा, इंटर्न विद्यार्थ्याने डिझाइनमध्ये भर घातली तर त्याचं काय, आणि सेंटर कंपनीत हिस्सा मागणार का.

पेटंटचं तर थोडक्यात वाचलो. सेंटरनेच प्रदर्शनात पोस्टर लावायला सांगितलं होतं, अर्ज केलेला नसताना! कायदा विभागातल्या एका सरांनी आदल्या दिवशी अडवलं. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यावरही १२ महिन्यांची सवलत असते, पण युरोपात आधी जगाला दाखवलं तर नावीन्यच संपलं, मग पेटंट मिळत नाही. एकीकडून धोका, दुसरीकडून बचाव, दोन्ही एकाच विद्यापीठातून, याचं कारण विभाग एकमेकांशी बोलत नाहीत.

आणि आम्ही विद्यार्थी नाही, बाहेरचे. परीक्षा आली की लॅब बंद, इंटर्न गायब, संध्याकाळी सहानंतर गेटवर आमचं कार्ड चालत नाही, दिवसा नोकरी करून धंदा उभा करणाऱ्याने यायचं कधी? खरं तर इन्क्युबेशन सेंटरची कल्पनाच गावातल्या धंद्यांसाठी निघाली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात मोठा कारखाना बंद पडला, १९५९ साली जोसेफ मॅनकुसो या तिथल्या व्यावसायिकाने त्या इमारतीत छोट्या धंद्यांना तुकड्या-तुकड्यांत जागा दिली, सोबत सल्ला आणि पैसे उभारायला मदत. भाडेकरूंमध्ये एक कोंबड्यांची हॅचरी होती, आणि अंडी उबवायच्या यंत्राला इन्क्युबेटर म्हणतात, त्यावरूनच इन्क्युबेटर हे नाव पडलं म्हणतात. म्हणून बाहेरच्यांना पाहुण्यासारखं वागवतात तेव्हा मला फार लागतं.

मॅनेजर मॅडम मध्ये रजेवर होत्या तेव्हा महिनाभर आमचा एकही ईमेल पुढे सरकला नाही. कुठल्या विभागात कोणाला विचारायचं हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे, ते कुठेतरी लिहून ठेवा असं मी फीडबॅकमध्ये दोनदा लिहिलंय.

तरी आम्ही सहा महिने वाढवून घेतलेत. तापमान मोजणाऱ्या उपकरणांसाठी डब्ल्यूएचओची पीक्यूएस नावाची मान्यता असते, तिची तयारी चालू केलीय. संध्याकाळच्या कार्डासाठी तिसरा अर्ज दिलाय, आणि परीक्षा सुरू व्हायच्या आत काकांकडे चेंबर चार दिवस सलग मिळतोय, २४ पीस तपासून घ्यायचेत.